जिम थॉर्पला फॉल बघायला जाणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र: गस वेल्चचं नाव पोरांना सांगा

पेनसिल्वेनिया, न्यू जर्सी, मेरीलँड इकडच्या सगळ्या मराठी मंडळांच्या कमिट्यांना, आणि ज्यांची पोरं शनिवारी सकाळी अमेरिकन फुटबॉलच्या प्रॅक्टिसला जातात त्या सगळ्या आईबाबांना,

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर आला की आपल्यातली बरीच जनता झाडांचे रंग बघायला जिम थॉर्प गावाला जाते, ट्रेनमध्ये बसते, डोंगराच्या बॅकग्राउंडवर फोटो काढते, ग्रुपवर टाकते. छान गाव आहे, जायलाच पाहिजे. हे नाव कुणाचं असं पोरांनी विचारलं तर बहुतेक जण सांगतात की मोठा नेटिव्ह अमेरिकन खेळाडू होता, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन गोल्ड मेडल मिळवली. आणि ज्यांची पोरं फुटबॉल किंवा चीअर करतात त्यांच्या तोंडी अजून एक नाव रोज असतं, पॉप वॉर्नर. देशभरातली लहान मुलांची एवढी मोठी लीग त्या नावाने चालते. हा वॉर्नर म्हणजे थॉर्पचा कोच, कार्लाईल गावच्या इंडियन स्कूलमधला, म्हणजे नेटिव्ह अमेरिकन मुलांच्या सरकारी बोर्डिंग शाळेतला. म्हणजे एकाचं नाव गावाला आणि दुसऱ्याचं नाव लीगला. त्याच टीममधल्या तिसऱ्या माणसाबद्दल मला आज लिहायचंय, कारण आपल्या कुठल्याच ट्रिपमध्ये, कुठल्याच युथ प्रोग्रॅममध्ये मी त्याचं नाव ऐकलेलं नाही. गस वेल्च. त्या टीमचा क्वार्टरबॅक, जो पुढे आयुष्यभर कोच झाला, आणि मधल्या काळात त्याने जे केलं ते आपल्या मुलांना माहीत असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वेल्च ओजिब्वे जमातीचा, उत्तर विस्कॉन्सिनमधल्या स्पूनरचा. आईवडील लवकर गेले, आजीने वाढवलं. तिथून तो पेनसिल्वेनियात कार्लाईलला आला आणि १९११ मध्ये टीमचा क्वार्टरबॅक झाला. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. आज आपण टीव्हीवर बघतो तसं तेव्हा नव्हतं, हेल्मेटमध्ये स्पीकर आणि कोच कानात प्ले सांगतोय असलं काही नाही. उलट त्या काळात साइडलाइनवरून कोचने सूचना द्यायला बंदी होती, दिली तर पेनल्टी. म्हणजे एकदा शिट्टी वाजली की पुढचा प्ले कुठला, बॉल कुणाकडे जाणार, पंट करायचा (लाथेने बॉल लांब मारून समोरच्यांना द्यायचा) का धोका पत्करायचा हे सगळं क्वार्टरबॅकने मैदानात उभं राहून ठरवायचं आणि बाकी दहा जणांनी ऐकायचं. वॉर्नर डोकेबाज होताच, त्याने नवनवीन फॉर्मेशन्स, म्हणजे खेळाडू उभे करायच्या रचना, शोधून काढल्या, पण त्या फॉर्मेशन्स कधी काढायच्या हे वेल्च ठरवायचा. विशीच्या आसपासचा पोरगा.

आणि त्याने काय काय मॅचेस चालवल्या! ११ नोव्हेंबर १९११ ला हार्वर्डच्या मैदानावर, हार्वर्ड म्हणजे तेव्हाची देशातली टॉपची टीम, त्यांच्या कोचने सुरवातीला मेन प्लेयर बाहेर बसवले, कार्लाईलच्या पोरांना हरवायला दुसरी फळी पुरे असं समजून. थॉर्पच्या पायाला पट्ट्या बांधलेल्या. तरी त्याने चार फील्ड गोल (लाथेने बॉल गोलपोस्टमधून) मारले, टीमने वर एक टचडाउन (बॉल घेऊन समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाणं) पण केला, आणि कार्लाईलने १८-१५ ने मॅच मारली. (तेव्हा टचडाउनला पाचच पॉइंट होते बरं का, सहा झाले १९१२ पासून.) त्या अख्ख्या सीझनमध्ये कार्लाईल बारातली एकच मॅच हरली, सिराक्यूजशी, ती पण ११-१२ अशी एका पॉइंटने.

पुढच्या वर्षी ९ नोव्हेंबर १९१२ ला वेस्ट पॉइंट, म्हणजे आर्मीचे ऑफिसर घडवणारी अकॅडमी. समोर आर्मीची टीम. वूंडेड नी इथे अमेरिकन सैन्याने लकोटा या मूळनिवासी जमातीच्या लोकांची कत्तल केली त्याला अजून बावीस वर्षंही झाली नव्हती, आणि आता त्याच सैन्याचे होणारे ऑफिसर एका बाजूला आणि मूळनिवासी पोरं दुसऱ्या बाजूला. आर्मीच्या डिफेन्समध्ये एक ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा पोरगा होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. थॉर्पला आडवं पाडायच्या नादात त्याचा गुडघा दुखावला आणि नंतरच्या मॅचमध्ये तो पार गेलाच, त्याचं फुटबॉल तिथे संपलं. कार्लाईलच्या जो गायन नावाच्या खेळाडूवर हात टाकला म्हणून आर्मीच्या कॅप्टनला मैदानाबाहेर काढलं. स्कोर कार्लाईल २७, आर्मी ६. हे सगळं थॉर्पच्या नावावर सांगितलं जातं आणि थॉर्प होताच तेवढा मोठा, पण त्या दिवशी टीम चालवणारा वेल्च होता. दोघं रूममेट, जिवलग दोस्त, १९१३ मध्ये थॉर्पचं लग्न कार्लाईलच्या चर्चमध्ये झालं तेव्हा बेस्ट मॅन म्हणून वेल्चच उभा होता.

इथपर्यंतची गोष्ट पोरांना आवडते, कुणालाही आवडेल. पण ती इथेच थांबवली तर आपण अर्धवट सांगतोय, कारण ही पोरं जिथे खेळत होती ती जागा काय होती ते यात येतच नाही.

कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सुरू केलं, जुन्या आर्मी बराकीत. त्याचं धोरण त्यानेच भाषणात सांगून टाकलं होतं, माणसातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा. १४० हून जास्त जमातींमधली साधारण ७,८०० मुलं तिथे आणली गेली. आल्या आल्या केस कापले, अंगावरचे कपडे काढून युनिफॉर्म दिला, नाव बदललं, आणि स्वतःच्या भाषेत बोललं की शिक्षा. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम, आणि आऊटिंग या नावाखाली मुलांना आसपासच्या शेतांवर, घरांमध्ये कामाला पाठवायचं. कितीतरी मुलं तिथेच आजारपणाने गेली, त्यांची कबरं आजही तिथे रांगेत आहेत. पांढरे दगड, सैनिकांच्या स्मशानात असतात तसे, त्यावर नाव आणि खाली जमात. काही दगडांवर नाव पण नाही, नुसतं अननोन. १९२७ मध्ये आर्मीने हे सगळं स्मशानच उचलून दुसऱ्या जागी हलवलं होतं. गेली काही वर्षं, २०१७ पासून, एकेक जमात येऊन आपल्या मुलांचे अवशेष घरी घेऊन जातेय.

आपण रविवारची मराठी शाळा चालवतो ना, पोरं कंटाळतात तरी नेतो, बाराखडी गिरवून घेतो, कारण भाषा टिकली पाहिजे असं आपल्याला वाटतं. कार्लाईलमध्ये सरकारी पैशाने बरोबर याच्या उलटं काम चाळीस वर्षं चाललं. म्हणून मला वाटतं की ही गोष्ट इतर कुणापेक्षा आपल्याला लवकर कळेल.

आता या शाळेत फुटबॉल टीम म्हणजे सोन्याची खाण होती. मोठ्या शहरांत मॅचेस, हजारोंनी प्रेक्षक, तिकिटांचे पैसे अॅथलेटिक असोसिएशनच्या खात्यात, आणि त्या खात्यावर सरकारचा धड हिशोब नाही. मैदानावर टाळ्या घेणारी टीम आणि मागे डायनिंग हॉलमध्ये पोटाला पुरेसं मिळत नाही म्हणणारी मुलं, हे एकाच वेळी चालू होतं. वेल्च १९१३ च्या सीझनला कॅप्टन होता. म्हणजे शाळेतला सगळ्यात लाडका विद्यार्थी म्हणा ना, त्याला स्वतःला कशाची कमी नव्हती, गप्प बसला असता तर सगळं सुरळीत चाललं असतं. पण सीझन संपला आणि त्याने विद्यार्थ्यांना गोळा करून अर्ज तयार केला, की इथल्या कारभाराची चौकशी करा. त्यावर दोनशेच्या वर मुलामुलींच्या सह्या झाल्या. विचार करा, घरापासून हजार दोन हजार मैल लांब, शिक्षा करणारे तेच, जेवू घालणारे तेच, घरी जायचं तिकीट पण त्यांच्याच हातात, आणि तरी दोनशेच्या वर पोरं सही करतात. मला वाटतं हार्वर्डविरुद्धच्या चार फील्ड गोलपेक्षा हे अवघड होतं.

अर्ज पोचला आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसची जॉइंट कमिटी, सिनेटर रॉबिन्सन अध्यक्ष, थेट कार्लाईलला येऊन बसली. एकेक विद्यार्थ्याला बोलावून साक्षी घेतल्या. ज्युलिया हार्डिन नावाच्या मुलीने सांगितलं की आऊटिंगला जायला नकार दिला म्हणून बँडमास्तरने तिला फळीने मारलं, दुसऱ्यांनी धरून ठेवलं होतं. मग वेल्चची साक्ष. तो स्वतःच्या कोचबद्दल बोलला, समोर सिनेटर बसलेत आणि कोच अजून नोकरीवर आहे अशा वेळी. त्याने सांगितलं की वॉर्नर चांगला फुटबॉल कोच आहे पण तत्त्व नसलेला माणूस आहे. खेळाडूंना शिवीगाळ करतो, हॉटेलच्या लॉबीत तिकिटं विकताना आपण बघितलंय, हे पण सांगितलं. इतर खेळाडूंनीही वॉर्नरविरुद्ध साक्षी दिल्या.

त्या एका वाक्यात किती प्रामाणिकपणा आहे बघा. राग असूनही तो म्हणाला नाही की वॉर्नरला खेळ कळत नाही. खेळ कळतो हे आधी कबूल केलं आणि मग जे खटकलं ते सांगितलं.

निकाल काय लागला? शाळेचा सुपरिटेंडंट मोझेस फ्रीडमनला जावं लागलं, त्याच्यावर पैशांच्या अफरातफरीचा खटला झाला पण तो सुटला. बँडमास्तर गेला. वॉर्नरला मात्र धक्का लागला नाही, १९१४ चा सीझन त्याने तिथेच काढला आणि मग पिट्सबर्गला गेला, तिथे चॅम्पियन टीम बनवल्या, पुढे स्टॅनफर्ड, तीनशेच्या वर मॅचेस जिंकल्या. १९३४ मध्ये फिलाडेल्फियातल्या मुलांच्या लीगला त्याचं नाव दिलं आणि ते आजपर्यंत आहे. कार्लाईल मात्र त्या चौकशीतून सावरलं नाही, १९१८ मध्ये बंद झालं आणि जागा परत आर्मीकडे गेली.

वॉर्नरचं नाव लीगवरून काढा अशी माझी मागणी नाही. लीगने कितीतरी पोरांचं भलं केलंय, अभ्यासात मार्क हवेत असा नियम पण ठेवलाय, आणि फुटबॉलमध्ये वॉर्नरने जे शोधून काढलं ते खरंच मोठं आहे. माझं म्हणणं एवढंच की पोरगा छातीवर ते नाव लावून मैदानात जाणार असेल तर त्याच माणसाच्या क्वार्टरबॅकने त्याच्याबद्दल काँग्रेससमोर शपथेवर काय सांगितलं हे त्याला घरी कुणीतरी सांगितलेलं असावं.

आणि आता वेल्च पुढे काय झाला ते, कारण मला ही गोष्ट इथूनच जास्त आवडते. तो फुटबॉलवर रुसला नाही. कार्लाईल गावातच डिकिन्सनमध्ये कायदा शिकला, १९१७ मध्ये डिग्री घेतली, मधल्या काळात थॉर्पबरोबर कँटन बुलडॉग्जकडून प्रोफेशनल पण खेळला. पहिल्या महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका रेजिमेंटमध्ये ऑफिसर होता. परत आल्यावर १९१९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन इथल्या कॉलेजचा, म्हणजे आजच्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा, हेड कोच झाला. त्याच्या आधी तिथे लोन स्टार डीट्झ होता, तो पण कार्लाईलचाच, त्याने १९१६ ची रोझ बोल, ही कॉलेज फुटबॉलची मोठी मॅच, जिंकून दिलेली. आणि त्याच १९१९ मध्ये स्पोकेनच्या कोर्टात डीट्झवर खटला चालला होता की याने खोटं खोटं इंडियन असल्याचं सांगून सैन्यभरती चुकवली. म्हणजे वेल्चला कसल्या वातावरणात जाऊन कोचिंग करावं लागलं असेल याची कल्पना करा, लोक त्याच्याकडे कुठल्या नजरेने बघत असतील. चार सीझन तो टिकला, १६ जिंकल्या, १० हरल्या, १ बरोबरीत. पहिली दोन वर्षं जोरदार, ५-२ आणि ५-१, शेवटचं वर्ष वाईट गेलं, २-५, आणि तो बाहेर पडला.

वॉर्नरच्या आकड्यांपुढे हे आकडे काहीच नाहीत हे मला माहितीये. मग कोचिंगसाठी व्हर्जिनियातलं रँडॉल्फ-मेकन कॉलेज, १९३३-३४ ला कॅन्ससमधलं हास्केल, नंतर राजधानीतली अमेरिकन युनिव्हर्सिटी. यातलं हास्केल मला थांबवतं. कारण हास्केल म्हणजे कार्लाईलसारखंच सरकारने काढलेलं इंडियन बोर्डिंग स्कूल, १८८४ चं. ज्या प्रकारच्या शाळेविरुद्ध त्याने वीस वर्षांपूर्वी सह्या गोळा केल्या, तशाच शाळेत तो आता कोच म्हणून उभा, समोर त्याच्यासारखीच घर सोडून आलेली पोरं. कायद्याची डिग्री खिशात होती, वकिली करून जास्त कमावता आलं असतं. त्याने पोरांबरोबर राहणं निवडलं. बायको ज्युलिया कार्टर, ती पण कार्लाईलचीच विद्यार्थिनी, दोघांनी पुढे व्हर्जिनियात बेडफर्डकडच्या डोंगरात मुलांसाठी समर कॅम्प चालवला, कॅम्प केवान्झी नावाचा. तिकडेच तो १९७० मध्ये वारला. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं १९७५ मध्ये, गेल्यावर पाच वर्षांनी. थॉर्पची मेडल काढून घेतली होती, ती पूर्णपणे, एकट्याच्या नावावर, परत झाली २०२२ मध्ये. जिम थॉर्प गावाशी तर त्याचा काही संबंध पण नव्हता, १९५३ ला तो गेल्यावर बायकोने गावाशी करार केला आणि १९५४ मध्ये गावाने नाव घेतलं, मुलगे वडिलांना ओक्लाहोमाला न्यायचं म्हणून कोर्टात लढले ते हरले. हे पण ट्रेनमध्ये बसल्यावर पोरांना सांगायला हरकत नाही.

आपल्या घरांमध्ये एक वाक्य सारखं ऐकू येतं, सर सांगतात तसं कर, कोचला उलटं बोलू नकोस. वाक्य चुकीचं नाहीये, शिस्त पाहिजेच, त्याशिवाय खेळ येत नाही. पण त्याचबरोबर पोराला हे पण कळलं पाहिजे की कोच आईबहिणीवरून बोलला, दुखापत झालेल्याला खेळायला लावलं, पैशाचा घोळ केला, कुणाला लाजवलं, तर ते घरी येऊन सांगायचं असतं, आणि एकट्याला भीती वाटत असेल तर चार जणांनी मिळून सांगायचं असतं. हे लेक्चर दिलं की पोरं फोन काढतात. वेल्चची गोष्ट सांगितली तर ऐकतात, कारण त्यात आयझेनहॉवरचा गुडघा आहे, हार्वर्डची जिरवलेली आहे, आणि टीमचा कॅप्टनच उभा राहून बोलतोय.

तर मंडळांच्या कमिट्यांना माझी विनंती अशी. ९ डिसेंबर २०२४ ला या शाळेच्या जागेला नॅशनल मॉन्युमेंट म्हणून घोषित केलंय. हर्शीच्या चॉकलेट वर्ल्डपासून गाडीने पाऊण-एक तास, गेटिसबर्गहून पण तेवढंच. आपण हर्शीला बस भरून जातो, गेटिसबर्गला जातो, येता येता कार्लाईलला अर्धा दिवस काढा. ती जागा अजून चालू आर्मी बेस आहे, तिथे आर्मी वॉर कॉलेज आहे, त्यामुळे आत जायचे नियम आधी विचारून घ्या, फोटो आयडी सगळ्यांकडे असू दे, आणि ज्यांचा व्हिसा आहे, आईवडील भारतातून आलेत, त्यांनी तर नक्कीच आधी चौकशी करा, गेटवर जाऊन हिरमोड नको. आत स्मशान आहे आणि जिथे थॉर्प आणि वेल्च प्रॅक्टिस करायचे ते मैदान पण आहे. स्मशानात आवाज कमी, सेल्फी नको, डबे उघडायचे नाहीत. ही कुणाची तरी पोरं आहेत आणि त्यांचे नातेवाईक अजून येतात. गावात कंबरलँड काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीचं म्युझियम आहे, पाऊस असेल तर तिथे वेळ चांगला जातो.

आणि ज्यांना येणं शक्य नाही, टेक्सास कॅलिफोर्नियावाले, त्यांच्यासाठी डिकिन्सन कॉलेजने कार्लाईलच्या मुलांच्या फायली स्कॅन करून ऑनलाइन फुकट ठेवल्यात. शाळेत प्रवेश घेतानाचे फॉर्म, पत्रं, फोटो, सगळं. मराठी शाळेच्या मोठ्या मुलांच्या वर्गात एक रविवार हे उघडा, प्रत्येकाने एका मुलाची फाइल निवडायची, तो कुठल्या जमातीचा, किती वर्षांचा आला, परत गेला का नाही एवढंच मराठीत वर्गाला सांगायचं. चौकशीच्या साक्षीही सरकारी रेकॉर्डमध्ये छापलेल्या आहेत, सातवी-आठवीच्या मुलाला वेल्चची साक्ष आरामात वाचता येते, भाषा सोपी आहे.

मी मेकॅनिक्सबर्गला राहतो, कार्लाईलपासून जवळच. कुठलंही मंडळ येणार असेल तर सोबत यायला, सगळं दाखवायला मी तयार आहे, पंधरा जण असोत की बसभर. येत्या फॉलच्या पिकनिकची तारीख ठरवायच्या मीटिंगमध्ये एवढा विषय घ्या, ही हात जोडून विनंती.

आपला,
मेकॅनिक्सबर्गचा एक मराठी बाप